जिंजरब्रेडचे घर सजवण्याच्या आदल्या दिवशी उभे राहिले पाहिजे

नाशिकच्या इंदिरानगर भागातील एका आईने लिहिले आहे की, त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला आणि पाच वर्षांच्या मुलाला नाताळाच्या सुटीत जिंजरब्रेडचे, म्हणजे सुंठ घातलेल्या मसालेदार बिस्किटांचे, घर करायचे आहे. गेल्या वर्षी त्यांनी ते करून पाहिले होते. पण वितळवलेल्या चॉकलेटने जोडलेल्या भिंतींवरून छप्पर सजावटीसकट घसरले आणि धाकटा रडत रडत झोपी गेला. घरात अंडे चालत नाही, भाजण्यासाठी मध्यम आकाराचा ओटीजी (विजेवरची घरगुती भट्टी) आहे, आणि हे घर आपणच केले असे मुलांना वाटावे, अशी त्यांची इच्छा आहे. ते कसे करावे, आणि छप्पर पुन्हा घसरलेच तर काय करावे, असे त्या विचारतात. मी नाशिकमध्ये अठरा वर्षे बेकिंगचे वर्ग घेते आणि दर डिसेंबरला मुलांबरोबर ही घरे करते, म्हणून जे काही हाताखालून गेले आहे ते सविस्तर लिहिते.

ताई, तुमचे छप्पर घसरले त्याची कारणे तुमच्या पत्रातच आहेत. पहिले कारण चॉकलेट. चॉकलेटमधला कोको बटर ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास पूर्ण वितळतो, पण त्याच्या कितीतरी आधी तो मऊ पडू लागतो. नाशिकमध्ये डिसेंबरच्या रात्री कितीही गार असल्या तरी दुपारचे तापमान २८ अंशांच्या आसपास जाते, त्यात मुलांच्या हातांची ऊब आणि छपरावर चिकटवलेल्या गोळ्यांचे वजन येते. असा सांधा थोडा वेळ धरतो आणि मग हळूच सुटतो. दुसरे कारण असे की, तुम्ही सकाळी भाजलेले तुकडे संध्याकाळी जोडले आणि त्याच बैठकीत सजवले. भिंतींचा सांधा वाळलेला नसताना त्यावर छप्पर ठेवले आणि छपराचा सांधा वाळलेला नसताना त्यावर गोळ्या लावल्या, तर कोणतेही घर उभे राहणार नाही. तिसरी गोष्ट, तुम्ही नेहमीच्या खुसखुशीत बिस्किटाच्या पाककृतीने भिंती केल्या होत्या. खुसखुशीतपणा हा नानकटाईचा गुण आहे, भिंतीचा मात्र तो दोष ठरतो.

म्हणून यंदा हे काम तीन दिवसांत वाटून घ्या. २४ डिसेंबरला संध्याकाळी सजवायचे असेल, तर २२ तारखेला पीठ मळावे आणि कागदी साचे कापावेत, २३ तारखेला सकाळी भाजून दुपारी भिंती आणि रात्री छप्पर उभे करावे, आणि २४ तारखेला मुलांपुढे रिकामे, पण पक्के घर ठेवावे. या एका बदलाने अर्ध्याहून अधिक अडचणी सुटतात. सजावट हा मुलांचा खरा भाग आहे आणि त्या वेळी घर हलता कामा नये.

पिठाचे प्रमाण मी असे घेते: ६०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम किसलेला साधा गूळ, १५० ग्रॅम काकवी, एक सपाट चहाचा चमचा खाण्याचा सोडा, चार चहाचे चमचे सुंठपूड, दोन चमचे दालचिनीपूड, अर्धा चमचा लवंगपूड आणि थोडे किसलेले जायफळ. सगळा गोडवा गुळाचा घेण्याचा मोह होतो, कारण रंग आणि वास त्याने फार सुंदर येतो. परंतु गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो आणि दोन दिवसांत भिंती लवचीक होतात. साखर टणकपणा देते, गूळ आणि काकवी चव देतात, म्हणून दोन्ही हवेत. चिक्कीचा गूळ मात्र वापरू नका, तो इथे चिवटपणा आणतो. लोण्याऐवजी तूप घातले तर भिंती ठिसूळ होतील, तेव्हा त्या मोहातही पडू नये. बाजारचे खारे लोणीच घरात असेल तर ते चालेल. मग पिठात वेगळे मीठ मुळीच घालू नका. काकवी मिळाली नाही तर साधारण ११० ग्रॅम गूळ तीन मोठे चमचे पाण्यात विरघळवून, गाळून आणि थोडा आटवून घेतला तरी काम होते.

सुंठ विकतच्या पुडीतली न घेता घरी कुटावी असे मी आग्रहाने सांगते, आणि ते काम धाकट्याला द्यावे. जिंजरब्रेड हा शब्द परका वाटला तरी त्यातला जिन्नस न् जिन्नस आपल्या मसाल्याच्या डब्यातला आहे. खलबत्त्यात सुंठेचा तुकडा ठेवला आणि पाच वर्षांच्या मुलाला चार घाव घालू दिले, की पहिल्या घावाला तो तुकडा उडून बाहेर पडतो, दुसऱ्याला दुभंगतो आणि तिसऱ्या-चौथ्या घावाला वास सुटतो. तो वास नाकात गेला की मुले एकदम गप्प होतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. बाकीची सुंठ तुम्ही मिक्सरमधून फिरवून बारीक चाळा. तिच्यातले धागे चाळणीत वर राहतात, ते टाकून द्या.

लोणी, साखर, गूळ आणि काकवी मंद आचेवर एकत्र विरघळवा, उकळी येऊ देऊ नका. मिश्रण कोमट झाले की त्यात सोडा घाला. ते फेसाळून वर येते, तेव्हा पातेले मोठे घ्यावे. मग हे मिश्रण मसाले मिसळलेल्या मैद्यात ओतून गोळा करा, आणि कोरडे वाटले तर तीन-चार चमचे दूध घाला. सुरुवातीला पीठ चकचकीत आणि सैल दिसते, त्यामुळे आणखी मैदा घालावासा वाटतो. तो घालू नये, कारण गार होताना लोणी आणि पाक घट्ट होतात आणि पीठ आपोआप आवळते. चपटा गोळा करून, गुंडाळून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि लाटण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढा.

साचे हे थोरल्या मुलीचे काम. जाड कागद, फुटपट्टी आणि पेन्सिल तिच्या हाती द्या आणि मापे तिलाच काढू द्या. समोरची आणि मागची भिंत प्रत्येकी १२ सेंटिमीटर रुंद, बाजूला ९ सेंटिमीटर उंच आणि मधोमध टोकापर्यंत १५ सेंटिमीटर उंच असावी. बाजूच्या दोन भिंती १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर उंच असाव्यात, आणि त्या पुढच्या-मागच्या भिंतींच्या मध्ये बसतील. छपराचे दोन्ही पाखे १७ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद घ्यावेत. भिंतीच्या टोकापासून कडेपर्यंतची तिरकी बाजू साडेआठ सेंटिमीटर भरते, आणि उरलेला दीड सेंटिमीटर वळचणीसाठी बाहेर राहतो. ही तिरकी बाजू मुलीला फुटपट्टीने मोजू द्या. तिने मोजलेल्या आकड्यावरच छप्पर अवलंबून आहे, हे तिला कळले की ती कागद किती काळजीने कापते ते पाहा. कापून झाल्यावर कागदाचेच घर चिकटपट्टीने जोडून पाहावे. जी चूक कागदात सापडते, ती भट्टीतून आलेल्या भिंतीत दुरुस्त करता येत नाही.

एवढ्या घराला वरच्या पिठातले निम्म्याहून थोडे अधिक पीठ लागते. उरलेल्यात दार, धुराडे, झाडे, माणसे आणि खाण्यासाठी पंधरा-वीस छोटी बिस्किटे होतात. पाच वर्षांच्या मुलाला भिंती कापायला देऊ नका. त्याला साचे देऊन माणसे आणि चांदण्या पाडू द्या, आणि त्या त्याच दिवशी खाऊही द्या. खायला काहीच न देता तीन दिवस त्याला घराकडे नुसते बघायला लावणे अन्यायाचे आहे.

आता लाटण्याविषयी थोडे थांबून सांगते, कारण वाकड्या भिंतींचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. पीठ ओट्यावर लाटून, कापून, मग तो तुकडा उचलून ट्रेमध्ये ठेवला की तो ताणला जातो, आणि आयताचा समांतरभुज चौकोन होतो. त्याऐवजी पीठ बटर पेपरवरच लाटा, साचा ठेवून त्यावरच कापा, आणि तुकडा जागेवर ठेवून आजूबाजूचे जादा पीठ काढून घ्या. मग पेपर तसाच उचलून ट्रेमध्ये सरकवा. जाडी सगळीकडे पाच-सहा मिलिमीटर असावी. त्यासाठी लाटण्याच्या दोन टोकांखाली सारख्या जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवाव्यात, म्हणजे लाटणे त्यांच्याखाली जातच नाही. पोळी एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड झाली तर ताटात चालते. भिंतीची पातळ बाजू मात्र करपते आणि जाड बाजू कच्ची राहते. कापल्यावर काट्याने सर्वत्र टोचे मारा, नाहीतर मध्ये फुगवटे येतात.

ओटीजी १७० अंशांवर तापवून, मधल्या खणात एका वेळी एकच ट्रे ठेवून, १४ ते १६ मिनिटे भाजा, आणि अर्ध्या वेळात ट्रे फिरवा, कारण बहुतेक घरगुती ओटीजी मागच्या बाजूला अधिक तापतात. गुळामुळे पीठ मुळातच तपकिरी असते, म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. कडा घट्ट झाल्या आणि मध्ये बोटाने हलके दाबले तर खळगा उरत नाही, ही खूण धरा. ट्रे बाहेर आल्याबरोबर, तुकडे गरम असतानाच, कागदी साचा पुन्हा वर ठेवून पसरलेल्या कडा सुरीने सरळ कापा. त्यासाठी तुम्हाला दोन मिनिटेच मिळतात. हे काम मोठ्यांनीच करावे आणि मुलांनी त्या वेळी ओट्यापासून लांब असावे. सगळे तुकडे भाजून झाल्यावर ते पुन्हा १२० अंशांवर पंधरा-वीस मिनिटे वाळवा आणि ओटीजी बंद करून आतच गार होऊ द्या. गार झालेल्या भिंतीवर टिचकी मारली तर कौलासारखा टणक आवाज आला पाहिजे. तो आला नाही, तर आणखी वाळवा.

ज्यांच्याकडे ओटीजी नाही, त्यांना मी कढईत मीठ घालून भाजण्याचा सल्ला देत नाही, कारण एवढे मोठे तुकडे त्यात सारखे भाजले जात नाहीत. पूर्वी दिवाळीत आणि नाताळात नानकटाईचे पत्रे गल्लीतल्या बेकरीत भाजायला दिले जात, तशी ओळखीची बेकरी असेल तर तुकडे कापून, पेपरसकट पत्र्यावर ठेवून न्यावेत.

गार तुकड्यांच्या कडा बारीक किसणीने घासून सरळ करणे हे मला या सगळ्या खटाटोपातले सर्वांत समाधानाचे काम वाटते. थोरलीला किसणी ओट्यावर आडवी धरायला सांगा आणि भिंतीची कड तिच्यावरून एकाच दिशेने, हलक्या हाताने नेऊ द्या. पहिल्या दोन-तीन वेळा किसणी खरखरते, मग आवाज मऊ होतो, आणि कड सपाट झाली की तो जवळजवळ थांबतो. दोन भिंती काटकोनात लावून उजेडासमोर धरल्या, तर मधून उजेड येतो का हे तिला स्वतः पाहता येते. खाली जो तपकिरी चुरा पडतो तो फेकू नका; उद्या तो अंगणातली माती होणार आहे.

आता अंड्याविना आयसिंग, म्हणजे तुकडे जोडायचा आणि सजवायचा साखरेचा लेप. मूळ पद्धतीत अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर घोटून करतात, आणि ते वाळले की दगडासारखे होते. लहान मुले बोटे चाटतात, म्हणून कच्चे अंडे मी अंडे खाणाऱ्या घरांनाही सुचवत नाही. तुमच्यासाठी काबुली चण्यांचे पाणी उत्तम. चणे रात्रभर भिजवून, मीठ न घालता कुकरमध्ये शिजवा, ते त्याच पाण्यात गार होऊ द्या, मग पाणी गाळून मंद आचेवर अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतके दाट होईपर्यंत आटवा. असे तीन मोठे चमचे गार पाणी घोटून फेसाळ करा आणि त्यात लिंबाचे चार थेंब आणि साधारण ३०० ग्रॅम पिठीसाखर थोडी थोडी घालत पाच-सात मिनिटे घोटा. चण्यांचा वास राहील अशी शंका येते, पण साखर आणि लिंबू घातल्यावर तो जाणवत नाही. साखर वस्त्रगाळ हवी. घरी दळलेल्या साखरेचा एक कण जरी राहिला तरी आयसिंग भरायच्या कागदी कोनाचे तोंड बंद होते. जोडण्याचे आयसिंग इतके घट्ट असावे की चमचा उलटा केला तरी त्यावरचा गोळा हलू नये. सजावटीसाठी त्यातच पाण्याचे काही थेंब घालून किंचित सैल करा. भांडे सतत ओल्या फडक्याने झाकून ठेवा, कारण वरची साय काही मिनिटांतच वाळते.

कोनासाठी बाजारातून काही आणण्याची गरज नाही. बटर पेपरचा, मेंदीच्या कोनासारखा कोन वळा, अर्धाच भरा, वरचे तोंड दोनदा दुमडून रबर लावा, आणि टोक आगकाडीच्या जाडीइतके कापा. मुलांचे कोन पूर्ण भरले की ते वरून फुटतात; अर्धा भरलेला कोन लहान मुठीत नीट बसतो.

उभारणीसाठी जाड लाकडी फळी घ्या. पुठ्ठा घेऊ नका, कारण उचलताना पुठ्ठा वाकतो आणि सगळे सांधे एका क्षणात तडकतात. आधी मागची भिंत, मग एक बाजू, दुसरी बाजू आणि शेवटी दर्शनी भिंत, या क्रमाने खालच्या आणि बाजूच्या कडांना भरपूर आयसिंग लावून उभ्या करा आणि आतून-बाहेरून डाळीचे भरलेले डबे टेकू म्हणून लावा. आतल्या कोपऱ्यांतही आयसिंगची एक जाड रेघ ओढा; ती कोणाला दिसत नाही, पण खरे घर तीच धरून ठेवते. यानंतर किमान तीन तास हात लावू नये. मग आतले डबे काढा आणि छपराचे दोन्ही पाखे बसवा. आढ्यापाशी दोघांच्या मध्ये आयसिंगचा जाड थर द्या आणि खालच्या वळचणीला दोन्ही बाजूंनी सारख्या उंचीचे डबे टेकवा, म्हणजे रात्रभरात पाखे खाली सरकणार नाहीत. तुमचे गेल्या वर्षीचे छप्पर या दोन डब्यांनीही कदाचित वाचले असते.

नाशिकची डिसेंबरमधली हवा या कामाला अनुकूल आहे. कोरड्या थंडीत आयसिंग रात्रीतून कडक होते. मुंबईहून येणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना याच गोष्टीचे सर्वांत अधिक अप्रूप वाटते. मात्र अवकाळी पाऊस आला तर गणित बदलते. एका वर्षी वर्गाच्या आदल्या रात्री पाऊस झाला, बारा घरांचे सांधे सकाळीही ओले होते, आणि आम्हाला मुलांना दुपारी परत बोलवावे लागले. अशा वेळी घर गार ओटीजीत ठेवून फक्त आतला दिवा लावावा, दिवा नसेल तर पंख्याखाली ठेवावे. फ्रिजमध्ये मुळीच ठेवू नये. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरते आणि भिंती नरम पडतात.

खिडक्या करायच्या असतील तर त्या भाजण्याच्या दिवशीच होतात. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या कथासंग्रहातल्या ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’ या कथेत जंगलातल्या घराला खिडक्या साखरेच्या होत्या, आणि अशी घरे करण्याची जर्मनीतली आवड त्या कथेबरोबर वाढली असे मानतात. कच्च्या भिंतीत चौकोन कापा, भिंत जवळजवळ भाजून होऊ द्या, मग त्या चौकोनात कुटलेल्या रंगीत, पारदर्शक गोळ्यांचा जाडसर चुरा भरा आणि तीन-चार मिनिटे परत आत ठेवा. चुरा वितळून काचेसारखा होतो. पूर्ण गार होईपर्यंत पेपरवरून सोडवू नका, कारण वितळलेली साखर बोट भाजते आणि बोटाला चिकटूनही राहते. घरात मेणबत्ती लावू नका. बॅटरीवरची लहान दिव्यांची माळ मागच्या भिंतीतल्या छिद्रातून आत सोडा.

आता चोवीस तारखेची संध्याकाळ. यासाठी परदेशी सामान शोधत फिरण्याची आवश्यकता नाही. रविवार पेठेतल्या किराणा दुकानांत एक फेरी मारली तरी पिशवी भरते. रंगीत बडीशेप, जिरेगोळ्या, बत्तासे, टुटीफ्रुटी, राजगिऱ्याच्या लाह्या, सुके खोबरे, आणि आपल्या जिल्ह्याचेच बेदाणे, हे सगळे घ्यावे. हिरवे बेदाणे वेलीसारखे भिंतीवर चढवता येतात. बदामाचे काप खालच्या ओळीपासून वर, एकमेकांवर थोडे चढवत लावले तर जुन्या वाड्याच्या कौलांसारखे छप्पर होते. वरून खाली लावत आले तर ते तसे दिसत नाही, ही एवढीच सूचना मुलांना द्यावी. खोबऱ्याचा बारीक कीस बर्फ म्हणून शेवटी भुरभुरावा. नाशिकमध्ये बर्फ पडत नाही, असे म्हणून एका मुलीने माझ्या वर्गात छपरावर खोबरे घालायचे नाकारले आणि अंगणात बेदाण्यांचा द्राक्षमांडव उभारला होता. तो मला आजही आठवतो, कारण तिने तिच्या आजोबांच्या मळ्यातल्यासारखे खांब काड्यांनी समान अंतरावर रोवले होते.

दोघांच्या कामाची जागा आधीच ठरवा. छपराचा एक पाखा थोरलीचा, दुसरा धाकट्याचा. दर्शनी भिंत थोरलीची, अंगण धाकट्याचे. एकाच पाख्यावर दोघांचे हात आले की भांडण होते. पाच वर्षांच्या मुलाला कोन दाबणे अवघड जाते, तेव्हा आयसिंगचे ठिपके तुम्ही द्या आणि गोळ्या त्याला लावू द्या. त्याच्या बाजूच्या भिंती जोडण्यापूर्वी, आडव्या असतानाच, त्याच्याकडून सजवून घेतल्या आणि वाळू दिल्या तर आणखी बरे. आडव्या भिंतीवरून काही घसरत नाही. त्याचे लक्ष साधारण पाऊण तास टिकते. तो उठून खेळायला गेला तर जाऊ द्या, त्याचा पाखा अर्धा राहिला तरी त्याच्या वतीने पूर्ण करू नका. बहुधा तो सकाळी उठून तिथेच परत येतो. चारपेक्षा लहान मुले भेटायला येणार असतील तर अख्खे शेंगदाणे आणि गोल कडक गोळ्या घरावर लावू नयेत, कारण त्या घशात अडकू शकतात. आणि कोणाला सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारून ठेवावे.

मला मनापासून सांगायचे आहे ते याच ठिकाणी. सजावटीला बसलेल्या मुलांच्या मागे उभे राहून आई-वडील कधी हात पुढे करतात, हे मी दरवर्षी पाहते. गोळ्यांची रांग वाकडी जाऊ लागली की पालकांचा हात आपोआप पुढे येतो. दिवाळीच्या किल्ल्याला आपण तसे करत नाही. मातीचा बुरूज कलला, मावळे दरवाजापेक्षा उंच झाले, आळीव एकाच बाजूला उगवले, तरी तो किल्ला मुलांचा असतो आणि पाहायला येणाऱ्यांना आपण तो कौतुकाने दाखवतो. या घरालाही तोच न्याय लावावा. नॉर्वेतल्या बर्गन शहरात १९९१ पासून नाताळाच्या सुमारास जिंजरब्रेडचे अख्खे नगर मांडतात, आणि त्यातली कितीतरी घरे शाळा-बालवाड्यांतल्या मुलांनी केलेली असतात. ती एकसारखी नसतात, म्हणूनच लोक त्यांपुढे रेंगाळतात. तुम्ही भिंती काटकोनात उभ्या केल्या आहेत, तेवढी शिस्त पुरे आहे. त्यावर जिरेगोळ्या कशाही गेल्या तरी घर पडणार नाही.

घर तयार झाल्यावर दुसरा शत्रू मुंग्या. परातीत दोन बोटे पाणी घालून मध्ये उलटे पातेले ठेवावे आणि त्यावर घराची फळी ठेवावी. फळी परातीच्या काठाला किंवा भिंतीला टेकलेली नसावी, नाहीतर मुंग्यांना पूल मिळतो. दिवसा जाळी झाका. घर खायचे असेल तर आठवड्याभरात खावे. १ जानेवारीला फोडायचे असे ठरवले तर मुलांना फोडण्याचेही वेध लागतात. नरम पडलेले तुकडे १५० अंशांवर पाच मिनिटे गरम केले की पुन्हा कुरकुरीत होतात, मात्र गोळ्या आधी काढून घ्याव्यात. उरलेला चुरा हवाबंद डब्यात ठेवा. तो गरम दुधात घातला तर सुंठीच्या दुधाची चव येते.

एवढे करूनही छप्पर घसरलेच, तर काय करावे, हा तुमच्या पत्राचा खरा प्रश्न आहे. भिंती उभ्या असतील तर पाखा उतरवून ठेवा, जुने आयसिंग सुरीने खरवडा, नवे घट्ट आयसिंग लावा आणि पुन्हा डबे टेकवून दोन तास थांबा. त्या दोन तासांत मुलांना अंगण करायला द्या, म्हणजे हात रिकामे राहत नाहीत. घाई असेल तर साखर कोरड्या कढईत सोनेरी होईपर्यंत वितळवून तो पाक कडेला लावला की सांधा काही सेकंदांत बसतो, परंतु हा पाक उकळत्या पाण्याहून कितीतरी अधिक गरम असतो, म्हणून मुले दुसऱ्या खोलीत असतील तरच तो करावा. पाखाच मोडला असेल तर डागडुजी करत बसू नका. भाजण्याच्या दिवशीच उरलेल्या पिठाचा छपराचा एक जादा तुकडा भाजून, वाळवून, डब्यात ठेवून द्या, आणि तो डबा कुठे आहे हे धाकट्याला आधीच दाखवून ठेवा. मी प्रत्येक वर्गासाठी असे दोन-तीन तुकडे करून ठेवते. तो लागलाच नाही, तर घर फोडण्याच्या दिवशी पहिला तुकडा म्हणून तोच त्याच्या हाती द्या.